तासाला दोन इंच

माझ्या आत्याला आमच्या गल्लीत टेपबाई म्हणतात. मागून म्हणतात; तोंडावर नुसतं 'बाई'. मोजायची पिवळी टेप सकाळी तिच्या गळ्यात पडते ती झोपेपर्यंत निघत नाही. पाहुणे आले तरी तशीच, दवाखान्यात गेली तरी तशीच. एकदा डॉक्टरांनी छातीला नळी लावण्यासाठी ती टेप बाजूला केली, तर आत्या म्हणाली, "तुमच्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय." तपासून घ्यायला गेलेली बाई डॉक्टरांनाच तपासून आली.

अंदाज या प्रकाराचा तिला भारी राग. लहानपणी मी दमून आले आणि "खूप लांब चालले गं" म्हटलं, की ती मशीनवरून मान वर न करता विचारायची, "खूप म्हणजे किती?" मी चिडायचे. अजून चिडते. पण आता मीही लोकांना तेच विचारते, तर कुणाला सांगणार?

तिसऱ्या मजल्यावरची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीशी पायमशीन, मध्ये कापड कापायचं लांब टेबल, भिंतीला खिळ्यांवर कागदी बेतांचे गठ्ठे. तिथं सगळं मिळतं, फक्त 'लवकर' मिळत नाही, असा गल्लीतला जुना विनोद आहे. कुणी "जरा लवकर द्याल का?" विचारलं की आत्या म्हणते, "गुरुवारी पाचला." आणि गुरुवारी पाचला कपडा घडी घालून तयार असतो. पण 'लवकर देते' हे शब्द तिच्या तोंडून येत नाहीत. येणाऱ्याला "सावकाश या", जाणाऱ्याला "सावकाश जा". लोकांना वाटतं, कारागिराचा तोरा आहे. तोरा नाही, भीती आहे. मला माहीत आहे, कारण मी तिथं होते.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नऊ वर्षांची, आत्याची मुलगी अडीच वर्षांची. जन्मली तेव्हा ती एवढीशी होती की आत्यानं तिला चिमटी म्हटलं, आणि पुढे शाळेतसुद्धा तेच चिकटलं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, दुसऱ्या गावी एका कारखान्यात सामानाच्या कोठाराचं काम बघायचे आणि आठवड्यातून एकदा घरी यायचे. त्या दिवशी चिमटीला सणसणून ताप भरला. आत्यानं तिला खांद्यावर घेतलं, माझा हात धरला आणि खालच्या किराणा दुकानातून कारखान्यात फोन लावला. "चिमटीला ताप आहे. लवकर या." एवढंच बोलली.

मग आम्ही नदीच्या रस्त्यावरच्या थांब्याशी जाऊन उभ्या राहिलो. आतोबा नेहमी त्याच रस्त्यानं यायचे. सरळ रस्ता, नव्वद किलोमीटर, अडीच तास. बस वेळेवर आली, सगळे उतरले, आतोबा उतरले नाहीत. आत्या पुढच्या बससाठी थांबली, मग त्याच्या पुढच्या. साडेसहाच्या सुमाराला चिमटीचा ताप उतरला. आत्यानं माझा तळवा तिच्या कपाळावर ठेवून मला दाखवलं, बघ, गार झाली. त्या वेळी आतोबा दुसऱ्याच रस्त्यावर, डोंगरातल्या दरीत पडलेल्या बसमध्ये होते.

त्या वाकड्या रस्त्यानं ते गेलेच कशाला, हे प्रत्येकानं विचारलं. त्या बाजूला कुणाकडे जायचे का, असंही एक-दोघांनी आडून विचारलं. आत्या कुणालाच काही बोलली नाही. त्या फोनचं तिला आणि मला, दोघींनाच माहीत. चिमटीला तर आम्ही कधीच सांगितलं नाही. तिच्या तापापायी झालं, हे त्या पोरीला कशाला कळायला हवं? तेव्हापासून आमच्या घरात 'लवकर' बंद. आणि दुसरं म्हणजे, नेहमीची वाट सोडून कुणी गेलं की आत्याच्या तोंडचं पाणी पळतं. मी कधी शाळेतून पलीकडच्या गल्लीनं आले, तर दार उघडताना तिचा चेहरा पांढराफटक पडलेला असायचा.

आता मी खालच्या मजल्यावर राहते आणि एका प्रवास कंपनीत तिकिटं काढते. या शहरापासून ते शहर किती लांब, विमानाला किती तास लागतात, हे मी दिवसातून पन्नास वेळा सांगते. पडद्यावर आकडा येतो, मी वाचते. स्वतः मी विमानाच्या पायरीवरही पाऊल ठेवलेलं नाही. त्यामुळे चिमटीला लांबच्या एका शहरातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली, तेव्हा तिकीट मीच काढलं आणि नको तो शहाणपणाही मीच केला.

"किती लांब?" आत्यानं विचारलं.

"बारा हजार सहाशे किलोमीटर."

"वेळ?"

"चौदा तास पन्नास मिनिटं."

तिनं तिकिटाचा कागद खिडकीशी नेला. चष्मा वर-खाली करून वाचला. "इथं तर सकाळी सहा वीसला निघून सकाळी अकरा चाळीसला पोचतं असं लिहिलंय. हे झाले पाच तास वीस मिनिटं. मधले साडेनऊ तास कुणी कापले?"

"कापले नाहीत गं, दुमडलेत. तिकडचं घड्याळ आपल्या मागे आहे. आपल्याकडे रात्रीचे नऊ दहा होतील तेव्हा तिकडे सकाळचे अकरा चाळीस."

दुमडलेत हे तिला पटलं. शिवणीत दुमडलेलं कापड असतंच, दिसत नाही एवढंच. "मध्ये कुठे थांबतं?"

"कुठेच नाही. सरळ जातं."

"सरळ?"

"एकदम सरळ."

आमच्या ऑफिसात सरळ म्हणजे मध्ये न उतरता, विमान न बदलता. गिऱ्हाईक विचारतं, सरळ आहे का? आम्ही सांगतो, सरळ आहे. पण समोर टेपबाई आहे हे मी विसरले. तिच्याकडे सरळ म्हणजे दोन टोकं आणि मध्ये ताणलेला दोरा.

दुसऱ्याच दिवशी तिनं शाळेत टांगतात तसला जगाचा मोठा नकाशा आणला आणि टेबलासमोरच्या भिंतीवर ठोकला. आपल्या शहरावर एक टाचणी, चिमटीच्या शहरावर दुसरी, मध्ये लाल दोरा. टेप लावली. तीस इंच भरले. "पंधरा तास धर. तासाला दोन इंच," ती म्हणाली, आणि दर दोन इंचांवर खडूनं बारीक खूण केली. विमान म्हणून एक पिवळं बटण ठेवलं, मागे मेणाचा गोळा लावून. दर तासाला बटण दोन इंच पुढे सरकवायचं, म्हणजे चिमटी कुठे आहे हे कळत राहील. मी माझ्या फोनवर विमानाची जागा दाखवणारं ॲपही घेतलं. मला वाटलं, तिच्या जिवाला तेवढाच आधार. घोडचूक होती.

रविवारी पहाटे विमानतळावर चिमटीनं मिठी मारली आणि म्हणाली, "येते गं आई."

"सावकाश ये," आत्या म्हणाली.

"पायलटला सांगते, जास्त पळवू नकोस, माझी आई ओरडते."

आम्ही तिघी हसलो. चिमटीचं हसू मात्र लगेच मावळलं आणि ती आईकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, अजून काही राहिलंय का, अशी. मला तो अवघडलेपणा सोसेना. माझी लांब जीभ वळवळली आणि मी म्हटलं, "सुट्टी मिळाली की लवकर ये गं!"

दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. आत्या माझ्याकडे बघतही नव्हती. चिमटी काचेच्या दारापलीकडे गेली, वळली, हात हलवला. आत्या हात वर करायचं विसरली. परत येताना टॅक्सीत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठ वाजता घरी पोचलो. आठ वीसला दोन तास पूर्ण होत होते. आत्यानं चहाही न घेता बटण चार इंचांच्या खुणेवर नेलं आणि म्हणाली, "बघ कुठे आहे."

मी फोन उघडला. इवलंसं विमान दिसत होतं. मी नकाशाशी ताडून बघितलं आणि परत बघितलं. विमान दोऱ्यावर नव्हतं. चांगलं चार बोटं वर गेलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. जरा वर आहे."

"वर म्हणजे किती?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिनं टेप लावली. "तीन इंच." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तू सरळ म्हणालीस."

मी काहीबाही सांगितलं. वारा असतो, ढग असतात, वळसा घालतात, येईल परत लायनीवर. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. वेळ पडली की ऑफिसात आम्ही असंच बोलतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि जातं. आत्या मान डोलावणाऱ्यांतली नाही. ती स्टुलावर बसली आणि शर्टाला काजं करायला घेतली.

नऊ वीसला विमान आणखी वर. दहा वीसला आणखी. अकरा वीसला बटण दोऱ्यापासून टीचभर वर, नकाशाच्या त्या पांढऱ्या पट्ट्यात पोचलं होतं जिथं गाव नाही, रस्ता नाही, नुसता बर्फ रंगवलेला आहे. पळवून नेलं असेल का? पायलट चुकला असेल का? चिमटीचं शहर डावीकडे खाली, आणि हे विमान डोक्याकडे चाललंय! ऑफिसला फोन लावावा, तर रविवार. विमान कंपनीला लावला, तर गाणं वाजलं आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, आपला क्रमांक सतरावा आहे. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, आपला क्रमांक सतरावा आहे.

बारा चाळीसला फोनच्या पडद्यावरचं विमान नाहीसं झालं.

मी ॲप बंद करून उघडलं. फोन बंद करून चालू केला. 'सध्या माहिती उपलब्ध नाही' एवढीच ओळ. मी फोन टेबलावर ठेवला.

"गेलं?" आत्यानं विचारलं.

"दिसत नाहीये फक्त. तिकडे, बर्फात, यंत्रं नसतील खाली."

"तुला माहीत आहे, की नुसतंच सांगतेयस?"

"सांगतेय," मी म्हटलं. आता खोटं बोलायचं त्राणही नव्हतं.

तिनं काजाचा टाका घातला. माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. सुई कापडातून निघून तिच्या बोटात शिरली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. शर्टावर रक्ताचा ठिपका. इतक्या वर्षांत आत्यानं गिऱ्हाइकाच्या कपड्याला डाग लावलेला मी बघितला नव्हता. मी शर्ट तिच्या हातातून काढून घेतला आणि तेव्हा मला खरी भीती वाटली, विमानाहून जास्त तिची.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा औषधवाला जिना चढून आला. हातात पँट. भिंतीकडे बघून म्हणाला, "बाई, लढाई सुरू केलीय की काय? कुणावर चढाई?" मग पँट टेबलावर टाकली. "चेन तुटलीय. संध्याकाळी घालायचीय, जरा लवकर..."

"बोलू नका!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की तो दाराला जाऊन टेकला. बिचारा. पुढचे कितीतरी दिवस मला औषधं देताना तो डबे काउंटरवरून लांबूनच सरकवायचा. आत्या मात्र उठली, पँट घेतली, "सहाला या, सावकाश या" म्हणाली, आणि तिनं खरंच चेन बसवली. आयुष्यभर ती असंच करत आलीय. भीती वाटली की शिवायचं.

चेन बसवून झाल्यावर ती नकाशासमोर जाऊन उभी राहिली. नाक जवळजवळ लागेल इतकी पुढे. बराच वेळ.

"जग गोल आहे ना गं?" तिनं विचारलं.

"हो."

"मग वरती निमुळतं व्हायला नको? इथं बघ. कमरेचं माप आणि गळ्याचं माप एकच. असा कपडा अंगावर बसेल का?" तिनं पांढऱ्या पट्ट्यावर अंगठा घासला. "गोल अंगाचं कापड आहे हे. गोलाई देणारे टक्स उसवून, वरचं ओढून-ओढून कुणीतरी सपाट केलंय, भिंतीवर लावायला. आणि मी बावळट, ओढलेल्या कापडावर माप घेतलं! तुझ्याकडे गोल काहीतरी आहे?"

घरात आदल्या दिवशी आणलेलं कलिंगड होतं. मी धावत खाली जाऊन आणलं. तिनं ते पुसून, कोरडं करून टेबलावर उभं ठेवलं, देठ वर. कमरेपासून थोडं वर, नकाशावर होती तशी, दोन्ही शहरं खडूनं टिंबांनी मांडली. आधी दोरा कमरेला समांतर, एका उंचीवरून नेला. टेप लावली. साडेनऊ इंच. मग दोन टिंबांवर दोन बोटांनी दोरा धरला आणि ताणला.

दोरा आपोआप वर सरकला. देठाच्या दिशेनं. आत्यानं त्याला बोटही लावलं नव्हतं.

"मोज," ती म्हणाली.

मी मोजलं. "आठ."

"दीड इंच वाचला." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हीच सरळ वाट आहे. वाकडी दिसते, पण जवळची."

मला एवढा आनंद झाला की मी टाळ्या पिटल्या. विमान चुकलं नव्हतं, कुणी पळवलं नव्हतं! पण आत्या हसली नाही. तिनं दोरा सोडला आणि कलिंगडावर हात ठेवून उभी राहिली.

"फोनवर बघ जरा. नदीचा रस्ता नव्वद. डोंगराचा किती?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि मान वर करवेना. मी शोधलं. "अडुसष्ट."

"वेळ?"

"पावणेदोन तास."

बावीस वर्षांत तिनं हे कुणाला विचारलं नव्हतं. इंच-इंच मोजणाऱ्या बाईनं हे एक अंतर मोजलंच नव्हतं. "पाऊण तास वाचत होता," ती म्हणाली. "जवळची वाट धरली त्यांनी. मी लवकर या म्हटलं म्हणून." हे ती मोठ्यानं पहिल्यांदाच बोलली, आणि बोलल्यावर आम्ही दोघींनी एकाच वेळी भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. चिमटीही जवळच्या वाटेनं गेली होती. आणि सकाळी मी तिला लवकर ये म्हटलं होतं.

आनंद कुठल्या कुठे गेला. वाट बरोबर होती, पण त्यामुळे भीती दुपटीनं वाढली. माझा देवावर फारसा विश्वास नाही, शब्दांवर तर मुळीच नव्हता. पण त्या दुपारी मी तो एक शब्द परत गिळायला काय वाटेल ते दिलं असतं. मी मनात घोकत होते, सावकाश ये, सावकाश ये, सावकाश ये. लहान पोरांसारखं, खोडरबरानं खोडावं तसं.

आम्ही जेवलो नाही. आत्यानं डाग पडलेला शर्ट गार पाण्यात भिजवला, चोळला, वाळत घातला, पुन्हा काढून बघितला. मी फोनकडे बघत बसले. दोन वाजले, तीन वाजले. त्या साडेतीन तासांत चिमटी मला जिवंतही नव्हती आणि मेलेलीही नव्हती. ती कुठेच नव्हती. तिची मागे राहिलेली चादर पलंगावर तशीच होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

चार दहाला विमान पुन्हा दिसलं. बर्फाच्या पलीकडच्या अंगाला, आणि नाक खाली.

माझ्या तोंडून हुंदकाच फुटला. आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला, डोळ्यांजवळ धरला, मग बटण उचलून बरोबर त्या जागी लावलं. त्यानंतर दर तासाला ते खाली-खाली येत गेलं. सहाला औषधवाला आला, पँट घेऊन चिडीचूप गेला. नऊ पाचला पडद्यावर अक्षरं आली : उतरलं.

"उतरलं गं! पाच मिनिटं आधीच!" मी उडीच मारली. माझा जीव भांड्यात पडला होता.

"विमान उतरलं," आत्या म्हणाली. "चिमटी उतरली का?"

मी खाली बसले. बरोबर होतं तिचं. त्या संध्याकाळी बससुद्धा पोचली होती. वेळेवर, सगळी माणसं धडधाकट. ज्याची वाट बघत होतो तोच नव्हता आत.

सव्वानऊ. साडेनऊ. फोन नाही. चिमटीला लावला तर बंद. पोचल्या पोचल्या फोन करते म्हणाली होती. पावणेदहा. आत्या आता शिवत नव्हती. तिनं गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली होती आणि परत सोडत होती, परत गुंडाळत होती. खालून कुणाच्या तरी घरातला भांड्यांचा आवाज येत होता आणि मला त्या माणसांचा भयंकर राग आला, की यांचं सगळं नीट चाललंय.

नऊ पंचावन्नला फोन वाजला. अनोळखी नंबर. दोघींपैकी कुणीच उचलेना. पाचव्या रिंगला मी उचलला आणि स्पीकर लावला.

"आई?"

मीच म्हटलं, "आहे इथं, बोल."

"अगं, माझा फोनच चालत नाहीये इथं. एका बाईंकडून मागून घेतलाय. केवढी मोठी रांग होती... आता बॅगांच्या पट्ट्याशी उभी आहे. सगळ्यांच्या आल्या, माझी येत नाहीये." आणि तिचा आवाज फुटला. पंचविशीला टेकलेली पोरगी, रक्त बघून न डगमगणारी, लोकांमध्ये उभी राहून रडायला लागली. "आई, मला फार भीती वाटतेय गं."

"मी आहे ना," आत्या म्हणाली. "पाणी पी."

"आई, तू एकदा तरी म्हण ना."

"काय म्हणू?"

"लवकर ये म्हण." ती नाक ओढत होती. "सहलीला जाताना सगळ्यांच्या आया म्हणायच्या. होस्टेलला जाताना म्हणायच्या. तू कायम सावकाश ये. मला वाटायचं, मी उशिरा आले काय, आलेच नाही काय, तुला चालतं. आजसुद्धा ताई म्हणाली. तू नाही म्हणालीस."

मी आत्याकडे बघितलं. तिचा रंग बावीस वर्षांपूर्वी थांब्यावर होता तसा झाला होता. कारण सांगता येत नव्हतं. सांगायचं तर ताप सांगावा लागला असता. मी फोन हातात घेऊन विषय बदलणार होते, काहीतरी बॅगेबद्दल. आत्यानं माझा हात बाजूला केला. ती टेबलावर वाकली, कलिंगडाशेजारी, फोनच्या अगदी जवळ.

"लवकर ये," ती म्हणाली. एकदा म्हणाली, मग धीर करून पुन्हा म्हणाली. "लवकर ये गं चिमटे."

आणि तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी तिचा दंड धरला. पलीकडून काहीच येईना, नुसती माणसांची गजबज, कसली तरी घंटा, चाकांचा आवाज. आम्ही दोघी श्वास धरून वाट बघत उभ्या होतो, आता काय वाईट होतंय याची.

"आई," चिमटी म्हणाली, "आली गं माझी बॅग."